दादाच्या तेरवीचा अंदाज

दादाचं धामणगाव बढ्यात बियाण्यांचं दुकान होतं. मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. आपण दोघं एकच काम करतो, असं तो म्हणायचा, फक्त तुला पगार मिळतो. भर उन्हाळ्यात, पाऊस कसा पडेल हे कुणालाच ठाऊक नसताना, यंदा लोक कपाशी किती लावतील आणि सोयाबीन किती, हे त्याला ठरवावं लागे. जास्त मागवलं तर बॅगा गोदामात पडून राहत, कमी मागवलं तर गिऱ्हाईक मोताळ्याला जाई. मागच्या हंगामाचे भाव, विहिरींचं पाणी, चहाच्या टपरीवर कोण काय बोलतं, यांतून तो एक आकडा काढायचा. हंगाम संपला की त्या आकड्याशेजारी खरा आकडा ठेवून पाहायचा.

"अंदाज त चुकतेच," तो म्हणायचा. "केवढा चुकला हे जो पाह्यत नाही, त्याचा दुसराही चुकते."

या सवयीमुळेच गावातल्या जेवणावळींचा अंदाज त्याच्याकडे आला. लग्न असो की तेरवी, माणूस किती जेवेल हे लोक त्याला विचारत. तो आधी स्वतःच प्रश्न विचारी. पहिला प्रश्न, आवतन कसं दिलं? आमच्याकडे 'घरटी एक' म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस, आणि 'चूलबंद' म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी यायचं. मग वार कोणता, बाजाराचा तर नाही? कापसाची वेचणी चालू आहे का? शेजारच्या गावात त्याच तिथीला लग्न आहे का? एवढं ऐकून तो जरा वेळ रस्त्याकडे पाही आणि आकडा सांगे.

याचं मॉडेल करू, असं एकदा मी म्हणालो. मॉडेल म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. डोक्यातलं तुझ्या कम्प्युटरला शिकवायचं, एवढंच ना, म्हणाला. तेव्हापासून प्रत्येक जेवणावळीनंतर त्याचा फोन येऊ लागला. आधी अंदाज सांगायचा, मग उठलेल्या पत्रावळी. मी ते भरत गेलो आणि मॉडेल हळूहळू बरं चालायला लागलं. एकदा मात्र आम्ही दोघंही सपशेल आपटलो. उंद्रीकडच्या एका नवरदेवाची वरात वाटेतल्या पाहुण्याकडे पोटभर जेवून आली आणि पुढे दोन दिवस गावभर बुंदी वाटली गेली. 'वरात वाटेत जेवते काय' असा एक रकाना वाढव, असं दादाने मला अगदी गंभीरपणे सांगितलं होतं.

भांडण होतं ते दुसऱ्याच रकान्यावरून. तेरवीसाठी त्याने तो हट्टाने घालायला लावला होता : गेलेला माणूस कसा होता, एक ते पाच. मी म्हणालो, हे मोजमाप नाही, हे मत आहे. तो म्हणाला, लोक मतानंच जेवायला येतात. आणि मत देताना तो कुणाची भीड ठेवत नसे. एका मोठ्या बागायतदाराला त्याने दोन दिले, स्टँडवर पंक्चर काढणाऱ्या म्हाताऱ्याला पाच. दोन्ही वेळा पंगतींनी त्याचंच म्हणणं खरं केलं. मी वाद घालणं सोडलं.

गेल्या कार्तिकात दादा गेला. दुकानात, बसल्या जागी.

तेरवीला तीन-चार दिवस उरले असताना आचारी आला आणि किती माणसाचा स्वयंपाक म्हणून त्याने विचारलं. ओसरीवरचे सगळे आपोआप दादाच्या खुर्चीकडे पाहू लागले, मग माझ्याकडे. वहिनी आतून दारापर्यंत आल्या.

"त्याइनं कोनाच्याच घरची पंगत उपाशी उठू देली नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याइच्याच तेरवीले तसं होऊ देऊ नोका."

मी दुकानात जाऊन लॅपटॉप उघडला. भावकीला चूलबंद, बाकी गावाला घरटी एक. वार बाजाराचा नव्हता. वेचणी जोरात होती. लग्न कुठे नव्हतं. सगळे रकाने भरले आणि त्या एकापाशी येऊन थांबलो.

पाच भरणं सोपं होतं. पण उकिरड्यावर भात दिसला की दादा दिवसभर कुणाशी बोलत नसे. मायेपोटी पाच भरले आणि भात उरला, तर त्याच्याच तेरवीला ते झालं असतं. चार भरले आणि कमी पडलं, तर वहिनींना तोंड दाखवायला जागा नव्हती. वर्गात मी मुलांना सांगत आलो आहे की मोजणाऱ्याने मोजायच्या वस्तूपासून जरा लांब उभं राहावं. लांब कुठे जायचं, हे त्या दुपारी कळेना. दुकानात बियाण्यांच्या औषधाचा वास होता, त्याच्या शर्टाला यायचा तोच.

बराच वेळ बसल्यावर त्याचं एक बोलणं आठवलं. बियाणं मागवताना तो निम्मं आधी घ्यायचा आणि पहिला पाऊस पाहून उरलेलं. जे आज कळत नाही ते आज ठरवायचं कशाला, कळेपर्यंत थांबता येतं का ते पाहायचं, असं तो म्हणायचा. मी रकाना रिकामा ठेवला. पाच धरून आणि तीन धरून किती माणसं निघतात ते पाहिलं आणि आचाऱ्याला सांगितलं, किराणा मोठ्या आकड्याचा आणा, पण शिजवा लहान आकड्याचं. कच्चं परत करता येतं.

तेरवीच्या दिवशी पहिली पंगत बसली तेव्हा मी मांडवात न थांबता बाहेर गेलो. बसलेली माणसं मोजू नये, चपला मोजाव्यात, हेही त्याचंच. वाट पाहत उभे असलेले त्यात धरले जातात. चपला मांडवाच्या दारापासून दुकानाच्या पायरीपर्यंत गेल्या होत्या, आणि पायरीवरून वळून रस्त्याकडे. त्यांत शेतातल्या मातीने भरलेल्या पुष्कळ होत्या. लोक वेचणी टाकून आले होते.

मी परत येऊन आचाऱ्याला सांगितलं, "भाताचा दुसरा गंज चुलीवर चढवा. कणीकही भिजवा."

शेवटची पंगत घरच्यांची. तिलाही गरम वरण मिळालं. भात एका परातीएवढा उरला, तो शेजारी गेला. कणकेचं एक पोतं तोंड न उघडता परत गेलं.

संध्याकाळी पत्रावळींचा आकडा माझ्या हातात होता आणि फोन करायला कुणी नव्हतं. सवयीने लॅपटॉप उघडला. बाकीचे रकाने भरलेले, जेवलेली माणसं माहीत, न कळणारी गोष्ट एकच उरलेली. म्हणजे मॉडेल उलटं चालवलं की ती आपोआप निघते. निघाली. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी काय आलं म्हणून विचारलं.

"साडेचार," मी म्हणालो.

"मास्तर लोक पुरे मार्क देतच नाही," त्या म्हणाल्या. मग पदराने कप पुसला. "मीनं एकडाव इचारलं होतं त्याइले. तुमच्या तेरवीले किती भराचे? चार म्हने. पाच भरशीन त भात उरन."

चार भरले असते, तर शेवटच्या दोन पंगती उपाशी उठल्या असत्या. मी त्या रकान्यात, इतकी वर्षं करत आलो तसं, आधी त्याचा अंदाज लिहिला, चार. शेजारी खरा आकडा लिहिला. अर्ध्याने चुकला होता.