मावशीचं डावं बोट

माझी मावशी उंदरांची डॉक्टरीण. डॉक्टरीण मी म्हणते, तिच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणतात. बेशुद्ध उंदराचं पोट जरासं उघडायचं, लिव्हर ओल्या कापसावर घ्यायचं आणि केसाएवढ्या सुईने त्यात विषाणू सोडायचा. रोगाचा नाही हं. आतलं सगळं काढून नवीन जीन भरलेला. टपालवाला समज, असं ती म्हणते.

"आणि भलत्याच घरी गेला तर?" मी विचारलं होतं.

"तुझ्यासारखा नाही तो, दहावीतून पळून जायला."

शाळा सोडली तेव्हा अख्खं घर माझ्यावर तुटून पडलं. मावशीने फक्त स्कूटरची चावी हातात दिली, म्हणाली, "मला कामावर ने-आण करत जा." तिच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर दात पाडीन मी त्याचे.

नियम असा, की लिव्हर चिमट्याने धरायचं. मावशी मात्र खालून डाव्या हाताच्या बोटाचा आधार देते. चिमट्याने फाटतं, म्हणते. एकदा उंदराने गुंगीतच आचका दिला. सुई लिव्हरच्या आरपार, दोन ग्लोव्हजमधून थेट बोटात. तिने बोट धुतलं आणि मूग गिळून बसली. सांगितलं असतं तर नोकरीच गेली असती. मला सांगितलं, तेही गळ्याची शपथ घालून.

तोच विषाणू टोचलेले बाकीचे उंदीर एका पिंजऱ्यात होते. तेव्हापासून संध्याकाळी लॅबच्या गेटवर माझा एकच प्रश्न. "त्या पिंजऱ्यातले कसे आहेत?"

"खातायत की. तुझ्यासारखे बकाबका."

मग एक दिवस माझा प्रश्न संपायच्या आत ती स्कूटरवर बसली. घराशी उतरल्यावर म्हणाली, "मागचे पाय ओढतायत गं. सगळेच. टोचलं लिव्हरमध्ये, पायात कसं गेलं?"

"गारठले असतील," मी म्हणाले. पण जिना चढताना तिची एक चप्पल पायरीवरच राहिली. तिला कळलंच नाही. तशीच वर गेली.

सकाळी शपथ खुंटीला टांगली आणि तिच्या सरांना सगळं सांगून टाकलं. सर पांढरेफटक पडले.

"घरभेदी कुठली!" मावशी सगळ्यांसमोर ओरडली. तरी ओढत नेलंच तिला हॉस्पिटलात.

डॉक्टरांनी तिला आडवं करून डोळे मिटायला लावले. "पायाला टाचणी लावतोय. कळलं की हो म्हणा."

"हो," मावशी म्हणाली. "कळतंय की. हो. हो."

डॉक्टर अजून टाचणी शोधत होते.