मी बसवलेला पट्टा सुटत नाही

मला हे लिहायचं नव्हतं. वाचनालयाचे जोशी सर महिनाभर दुकानासमोर येऊन उभे राहतात, चहा माझा पितात आणि म्हणतात, "दस्तगीरभाई, तुमचे किस्से वाचनालयाच्या अंकात द्या." आता माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातही चौथीत दोनदा बसलो. मी लिहायचं आणि सरांनी माझ्या 'हाय'चं 'आहे' करत बसायचं, हा कसला उद्योग? पण माणूस चिवट. शेवटी म्हणलं लिहितो, पण एकाच कारणानं लिहितो. एका गड्यानं भर बाजारात माझं नाव घालवलं, ते मला परत पाहिजे. सर म्हणाले, ते शेवटी लिहा, आधी हसू द्या लोकांना. बरं. हसा.

पौडला माझं घड्याळाचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक काच, एक मी. घड्याळं सगळेच दुरुस्त करतात, पण जुन्या घड्याळाला स्प्रिंगचा पट्टा बसवावा तर मीच. तो बक्कल नसलेला, ताणून हातात सरकवायचा असतो ना, तो. बारीक बारीक कड्या, प्रत्येक कडीत स्प्रिंग. जाडजूड मनगट असो की काडी, कड्या घालून किंवा काढून मापात आणायचा. घड्याळाच्या कानात, म्हणजे पट्टा अडकवायच्या भोकात, पिन बसताना कट असा आवाज आला पाहिजे. तो आला की मी सांगतो, हात तुटेल पण पट्टा सुटायचा नाही. चाळीस वर्षं हेच सांगतोय.

किस्से कसे साठतात सांगू का? काढलेल्या कड्या मी फेकत नाही. गिऱ्हाइकाच्या नावाच्या पुडीत बांधून ठेवतो, कारण माणूस जाड झाला की परत येतोच. त्यामुळं पौडात कोण सुटलं आणि कोण वाळलं, हे डॉक्टरच्या आधी मला कळतं. एकानं लग्नानंतर सहा महिन्यांत तीन कड्या परत नेल्या. बायको सुगरण मिळाली म्हणायचं. दुसरा लग्नानंतर दोन कड्या काढायला आला. त्याला मी नुसता चहा पाजला.

*

भुकूमला त्या नव्या बिल्डिंगा झाल्यात. तिथला एक कंप्युटरवाला आला. आजोबांचं चावीचं घड्याळ, जपून ठेवलेलं, चांगली गोष्ट. म्हणाला, "अंकल, ओरिजिनल व्हिंटेज लुक चाहिये, स्प्रिंगवालाच." बसवून दिला. दुसऱ्या दिवशी हजर. "अंकल, ये हाथ के बाल खींचता है."

मी म्हणलं, पट्टा थोडा घट्ट आहे, एक कडी वाढवून देतो, मग कमी ताणला जाईल, केस ओढायचा नाही. पाच मिनिटं थांब. त्याची मीटिंग होती. मीटिंग म्हणजे कानात ती बोंडं घालून रस्त्यावर येरझारा घालायच्या. तो गेला.

दोन दिवसांनी आला तो खूश. हात पुढं केला. डाव्या हाताला कोपरापासून केस आणि मनगटाला चार बोटांचा पट्टा गुळगुळीत, जसं आंब्याला कुणी मधेच सोललंय. "प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड," म्हणाला.

मी म्हणलं, "बाळा, पाच मिनिटांचं काम होतं."

तर म्हणतो, "हां अंकल, लेकिन वाइफ पूछ रही थी ऑपरेशन कब हुआ."

*

आमच्याकडं पैलवानांना तोटा नाही. त्यातला एक, आता तालीम सुटली पण अंग सुटायचं राहिलेलं नाही असा, वडलांचं घड्याळ घेऊन आला. त्याचं मनगट बघून मी आधी चष्मा पुसला. एक पट्टा पुरेना. दुसरा फोडून त्याच्या कड्या ह्याला जोडल्या. सगळी सकाळ गेली. असा पट्टा झाला की माझ्या बायकोनं कमरेला घातला असता. हे मी तिच्यासमोर बोललो नाही, आणि सर, हे वाक्य काढू नका, ती वाचत नाही.

पैलवानानं घातला. म्हणाला, "झ्याक बसला." मी म्हणलं, जरा हात हलवून बघा. मला म्हणायचं होतं, मनगट हलवा. त्यानं मूठ आवळून दंड फुगवला, जसा मैदानात फुगवतात तसा. फुगता फुगता मनगटसुद्धा फुगलं. पट्टा ताणला, अजून ताणला आणि मधूनच असा फुटला की कड्या चुरमुऱ्यासारख्या उडाल्या. एक माझ्या चष्म्यावर, दोन रस्त्यावर आणि एक शेजारच्या शंकरच्या कढईत.

शंकर वडे तळतो. त्याला पत्ता नाही. अर्ध्या तासानं एक गिऱ्हाईक तोंड धरून आलं आणि दातातनं कडी काढून त्याच्यापुढं ठेवली. शंकरनं ती उलटीसुलटी करून बघितली, माझ्याकडं बघितलं आणि त्या माणसाला म्हणाला, "भाईंच्या दुकानातली हाय. चांगल्या स्टीलची हाय, गंजत न्हाई."

आता कुणी म्हणेल, दस्तगीर, सुटला की तुझा पट्टा. सुटला नाही. फुटला. पिना दोन्ही घड्याळाच्या कानात जागच्या जागी होत्या. मी दाखवल्या सगळ्यांना.

*

माझ्या बायकोचं नाव जैतून. तिला ह्या पट्ट्यांची किंमत शून्य. घरी चार जुने पट्टे आणून ठेवले होते, सुट्या भागासाठी. एक दिवस मेथीची जुडी सोडायला गेलो तर तिला सोनेरी मुलामा दिलेला पट्टा. पोहे, रवा, शेंगदाणे, सगळ्या पिशव्यांची तोंडं माझ्या पट्ट्यांनी बांधलेली. मी आरडाओरडा केला. ती शांतपणे म्हणाली, "रबर दोन दिवसांत तुटतंय. तुमचं सुटत नाही म्हणता ना? मग?"

तेव्हापासून सुटे भाग मी दुकानातच ठेवतो.

*

बबनराव म्हणून एक आहेत. चांगला माणूस, पण ऐकून घ्यायचं नाही ही शपथ. त्यांचं घड्याळ आकड्यांचं नाही, नुसत्या काड्यांचं. बारा ठिकाणी बारा काड्या, सगळ्या सारख्या. कातडी पट्टा तुटला म्हणून स्प्रिंगचा बसवून घेतला. आठवड्यात परत. "दस्तगीर, सकाळी नऊला साडेतीन दाखवतंय."

मी घड्याळ हातात घेतलं. बरोबर चाललेलं. मिनिटाचा फरक नाही. त्यांना दाखवलं. घड्याळ खिशात घालून गेले. चार दिवसांनी परत. "पुन्यांदा तेच. तुमच्या दुकानात बराबर, घरी गेलं की साडेतीन." मी उघडलं, तेल दिलं, बंद केलं. परत आले. आता त्यांना संशय, की माझ्या टेबलाखाली लोहचुंबक आहे आणि मी मुद्दाम गिऱ्हाईक फिरवत ठेवतो. माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षांत घड्याळ घरी गेल्यावर बिघडतं आणि दुकानात सुधारतं असं पाहिलं नव्हतं. शाळेतली पोरं तशी असतात, घड्याळ नाही.

पाचव्या खेपेला बायकोला घेऊन आले, साक्षीला. मी म्हणलं, आता माझ्यासमोर हातात घाला. त्यांनी टेबलावरनं उचललं, पट्टा ताणला, हातात सरकवला. उलटा! चावीचं टोक बोटांकडं पाहिजे, ते कोपराकडं. कातडी पट्ट्याला बक्कल असतं, कळतं कुठली बाजू कुठं. स्प्रिंगच्या पट्ट्याला काय, कसाही जातो. बाराची काडी खाली आणि सहाची वर. नऊ वाजले की साडेतीन दिसणारच.

समजावून सांगितलं. घड्याळ काढून सुलटं घालून दाखवलं. बबनरावांनी हात फिरवून फिरवून बघितला. मग म्हणाले, "म्हंजी घड्याळ सरळ हाय आन् मी उलटा?"

मागनं त्यांची मंडळी म्हणाली, "ते मी तीस वर्सं सांगतीया."

*

आता शेवटचं. हे मी हसत लिहीत नाही.

नदीपलीकडचा एक शेतकरी. त्याच्या वडलांचं ऑटोमॅटिक घड्याळ, चावी द्यायची गरज नाही, हात हलत राहिला की आपोआप चावी बसते. म्हातारा गेल्यावर ह्यानं ते काढलं आणि मला स्प्रिंगचा पट्टा बसवायला दिलं. मी बसवला. कट आवाज आला, दोन्ही बाजूंनी. घालून गेला.

पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी, गर्दी भरात असताना, हा दुकानासमोर उभा राहून ओरडायला लागला. नदीला म्हैस धुवायला गेला होता, घरी आला तर हात मोकळा. "माझ्या बापाचं घड्याळ ह्याच्या पट्ट्यापायी पाण्यात ग्येलं. ह्याला आता दिसत न्हाई, पिना कुटं बसवतोय त्ये ह्यालाच ठावं न्हाई."

दिसत नाही म्हणाला. भर बाजारात.

मी म्हणलं, एक कडी आणून दाखव. म्हणाला, नदीनं नेली. तिघांनी दुरुस्तीला दिलेली घड्याळं त्याच दिवशी परत नेली. एक तर म्हणाला, "चाचा, राग मानू नका, पुण्यालाच टाकतो." पुढचे आठ दिवस टेबलावर माशा.

लोकांचं सोडा. मला स्वतःलाच शंका यायला लागली. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, खोटं कशाला बोलू. पिन खरंच नीट बसली होती का? आवाज आला होता, की यायला पाहिजे म्हणून मला ऐकू आला? दोन दिवस पहाटे नदीवर गेलो. विजार गुडघ्याच्या वर घेऊन, जैतूनची रव्याची चाळण घेऊन, म्हैस धुतात त्या जागचा गाळ चाळला. सत्तरी ओलांडलेला माणूस. लोक पुलावरनं बघत होते. हाताला एक बांगडीचा तुकडा लागला आणि एक मोबाइलचं कव्हर. घरी आलो तर जैतूननं चाळण घेऊन धुवायला ठेवली. एवढंच म्हणाली, "बंद करायचं का दुकान?" तिनं भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या बाजाराला भरे गावची हिराबाई आली. मला माहीत नव्हतं ही कोण. भाजी घेऊन झाली, दुकानात आली, पदराची गाठ सोडली आणि टेबलावर एक घड्याळ ठेवलं. पट्ट्यात शेण वाळलेलं, काचेवर हळदीकुंकवाची बोटं. वर एक सुतळीचा तुकडा ठेवला. म्हणाली, "चाचा, ह्यातल्या दोन कड्या काढा. ह्या सुतळीएवडं करा. लई सैल पडतंय."

मी घड्याळ उचललं. तेच. माझाच पट्टा. एक कडी हललेली नाही, दोन्ही पिना आपापल्या जागी. आणि घड्याळ चालू. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडलं, दोन मिनिटं मागं. मग सुतळी बघितली. त्या गड्याच्या मनगटाचं माप हे नव्हतं. म्हणलं, "बाई, हे कुणाच्या हाताचं माप?"

"हाताचं न्हाई," ती म्हणाली. "शिंगाचं."

मग सगळं बाहेर आलं. हिराबाई त्याच गड्याची बहीण; तिच्या घरची म्हैस आटली म्हणून भावानं दुधाला आपली एक म्हैस पाठवली होती, नदीवरनं धुऊन आणली त्याच संध्याकाळी. टेंपोतनं म्हैस उतरवली तर शिंगावर हे. हिराबाई म्हणाली, "आमाला वाटलं, दादानं दिष्ट लागू न्हाई म्हून बांदलंय. दूध बी चांगलं देतीया, मग आमी कशाला काडतोय? रोज हळदकुकू लावती. पन मान झटकली की टोकाकडं सरकतंय ओ."

दुकानासमोर गर्दी. शंकरनं झारा कढईत सोडला आणि पळत आला. कुणीतरी विचारलं, ह्याला चावी कोण देत होतं? मी म्हणलं, ऑटोमॅटिक आहे, म्हैस माशा हाकलत होती ना दिवसभर. बबनराव गर्दीत होते. त्यांनी विचारलं, "शिंगावर सुलटं व्हतं का?"

शंकरनंच त्या गड्याला फोन लावला. तासाभरात आला. बहिणीनं सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, तूच घातलं व्हतंस न्हवं शिंगात? पान्यात भिजू न्हाई म्हून?" त्यानं घड्याळ घेतलं, सदऱ्याला पुसलं, हातात सरकवलं, कानाशी नेऊन ऐकलं. गर्दी थांबलेली. मी थांबलेलो. मला वाटलं आता बोलेल. एक शब्द पुरला असता.

बोलला. बहिणीकडं बघून बोलला. "म्हस लई इमानी हाय. तिला आज पेंड घाल."

आणि गेला.

त्याला आता दोन वर्षं झाली. दर बाजाराला समोरनं जातो. घड्याळ हातात असतं, पट्टा तोच. मान दुसरीकडं. सर, त्याचं नाव बापाच्या नावासकट छापा, ठळक अक्षरात: सोपान बाबूराव.