गाव विचारून बीपी

व्हिएतनाममध्ये मी शिकवते. तिथली शाळा बदलली, म्हणून नवा व्हिसा आणि त्यासाठी पुन्हा डॉक्टरी तपासणी. सुट्टीत घरी आले होते, तेव्हा विश्रामबागेतल्या लॅबमध्ये गेले, तर बीपी भलतंच वाढलेलं.

"हा आकडा लिहिलात तर व्हिसा अडकेल हो!" मी रडकुंडीला आले.

तपासणाऱ्या काकांनी दंडाचा पट्टा सोडला, चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, गाव कंचं?"

"मलकापूर."

"आमची भन तितंच दिलीया. कुणाच्यातल्या तुमी?"

सोयरीक शोधत काकांनी चार आडनावं आणि दोन लग्नं उकरली. नातं काही निघालं नाही. मग त्यांनी पुन्हा पट्टा बांधला. आकडा उतरला होता.

"मघाशी तुमी इमानात व्हता," ते म्हणाले, "आता मलकापुरात हायसा."

व्हिएतनाममधल्या नर्सबाई फार चांगल्या आहेत. पट्टा मात्र गाव न विचारताच बांधतात.