दोनशे मेगापिक्सेलचे सासरे

दोनशे मेगापिक्सेलच्या फोटोत माझ्या सासऱ्यांना मिशा नाहीत. प्रत्यक्षात आहेत, आणि चांगल्या झुपकेदार आहेत.

फोटो मी काढला. मी मूळचा साताऱ्याकडचा, राहतो सरावलीत, नोकरी तारापूरच्या एका कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलमध्ये (हसू नका). सासर घिवलीला. बायको माधुरी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे आमच्या घरात चूक कुणाची हे ठरवायला वेळ लागत नाही.

सासऱ्यांची एकसष्टी होती. मोठा मेहुणा नितीन जहाजावर नोकरीला असतो. तो मोजकी सुट्टी घेऊन आला होता आणि समारंभ झाला की लगेच निघणार होता. सासूबाईंची इच्छा एकच. सगळ्या कुटुंबाचा एक मोठा फोटो ओटीवरच्या भिंतीला लागावा. "पोरगा दर्यावर गेला का त्याच्याकडं बगून जेवता येईल," असं त्या म्हणाल्या होत्या. चिंचणीचा फोटोग्राफरही ठरला होता. सगळं व्यवस्थित चाललं होतं, आणि मग मी तोंड उघडलं.

"कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे त्याचा?"

"सोळा का काय म्हनला," सासरे म्हणाले.

मी खिशातून नवा फोन काढून सगळ्यांसमोर धरला. "सोळा? यात दोनशे आहेत. त्याला नको म्हणून सांगा."

माझ्या सासरी जावयाच्या शब्दाला कुणी नाही म्हणत नाही. जावयाला चहा दिला तरी बशी पुसून देतात. सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी नितीनकडे आणि नितीनने कौलांकडे. फोटोग्राफरला नको म्हणून निरोप गेला.

समारंभाच्या दिवशी सगळे ओटीवर नटूनथटून बसले. बाहेरच्या मंडपाच्या जाड कापडाने ऊन अडवलेलं, आणि त्यात वीज गेली. (अणुवीज केंद्राच्या शेजारच्या गावात वीज गेली की पाहुणे जो विनोद करतात, तो सगळ्यांनी आळीपाळीने करून घेतला.)

"अहो, मंडपाच्या बाहेर चला ना," माधुरी म्हणाली. "तिकडे उजेड आहे."

"दोनशे मेगापिक्सेल असताना उजेड कशाला लागतो?"

माहेरी ती मला चारचौघांत बोलत नाही, घरी येईपर्यंत साठवून ठेवते.

फोटो काढायला गेलो तर फोन आपणहून बाराच मेगापिक्सेल दाखवत होता. मला संतापच आला. विकताना दोनशे आणि वापरताना बारा? मी सेटिंगमध्ये शिरलो, पूर्ण दोनशे चालू केले आणि सगळ्यांना श्वास रोखायला लावला. सासरे मिशीला पीळ देऊन बसले होते. फोनच्या पडद्यावर फोटो छान दिसला. पडदा तळहाताएवढा, त्यात काय वाईट दिसणार!

फोटो मोठा करून छापायला दिला, तेव्हा बोईसरचा स्टुडिओवाला चाचरत म्हणाला, "सर, इतना बडा मत करो." मी म्हटलं, बडाच करो. कागदात बांधलेली फ्रेम तशीच घिवलीला नेली आणि सगळ्यांसमोर उघडली.

सासऱ्यांनी हळूच हात ओठावर नेऊन मिशी जागेवर आहे ना ते पाहिलं. सासूबाईंची नथ गालात विरघळली होती. साडीच्या बुट्ट्यांचा चिखल झाला होता. डावीकडे उभा असलेला तपकिरी इसम नितीन असावा, कारण बाकी सगळे मोजून झाले होते. तो स्वतः तोवर जहाजावर पोचला होता.

"छान हाय," सासूबाई म्हणाल्या, आणि खिळा आणायला गेल्या.

घरी जेवायला बसलो तशी माधुरीने साठवलेलं बाहेर काढलं. माझं ताट रिकामं करून त्यात चमचेच चमचे मांडले.

"हा तुमच्या फोनचा सेन्सर, उजेड टिपतो तो. नखाएवढा असतो. फोटोग्राफरचा टपालाच्या तिकिटाएवढा, शिवाय त्यात वाट्या आहेत. तुमच्यात चमचे, ते पण दोनशे. आता या चमच्यांवर पळीभर आमटी ओतली तर एकेकात किती येईल?"

"थेंबभर."

"उजेडाचंही तसंच. आधीच अंधार, त्यात एकेकाला थेंब. मग फोटोत नुसती ठिपक्यांची खसखस येते. फोन ती पुसायला जातो आणि बाबांची मिशी पण खसखस समजून पुसतो. बिचारा आपणहून सोळा-सोळा चमचे एकत्र करून वाटी बनवत होता. ते तुम्ही बंद केलंत."

"मग दोनशे देतात कशाला?"

"भर उन्हात कामाला येतात. म्हणून बाहेर चला म्हणत होते."

पटलं. पण सासरी सांगणार कोण? मी विषय गिळला. आणि एक दिवस सासऱ्यांचा फोन आला.

"हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं बोईसरला आनतोय. हिला नितीन दिसत नाय."

"नितीन तर जहाजावर आहे!"

"भिंतीवरचा."

मी दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नंबर तोच आहे, मोतीबिंदू नाही, डोळे ठणठणीत आहेत.

"मंग माजा पोरगा असा पुसट का दिसतो?" सासूबाईंनी त्यांना विचारलं. "मी रोज चष्मा पुसून बगते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माउलीने फोटोवर संशय घेतलाच नव्हता. जावयाने काढलेला फोटो वाईट कसा असेल? त्यापेक्षा आपलेच डोळे गेले असतील, असा साधा हिशोब.

"आई, डोळे चांगले आहेत तुमचे," मी म्हणालो. "फोटो वाईट आहे."

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "मंग आदी बोलायचं नाय का?" एवढंच म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळं हसल्या.

नितीन पुढच्या सुट्टीवर आला तेव्हा चिंचणीचा फोटोग्राफर बोलावला, अंगणात, लख्ख उजेडात. सासूबाईंनी मला मानाने मधोमध बसवलं. एका हातात नितीनची मुलगी दिली, दुसऱ्यात भलामोठा नारळ.

"हा नारळ कशाला, आई?"

"तुमचे दोनी हात भरलेले बरे."

नवा फोटो ओटीवर लागला आहे. नितीनच्या भुवईचा केस न् केस दिसतो आणि सासूबाई त्याच्यासमोर पोटभर जेवतात. मधोमध मीही आहे, सोळा मेगापिक्सेलमध्ये, बारीकसारीक तपशिलांसह. फोटो इतका स्वच्छ आला आहे, की पाहुणे आधी माझ्याकडे बघतात आणि सासूबाईंना हळूच विचारतात, "जावयाचं त्या दिवशी काय बिनसलं होतं?"