खळ्यावरचा खून

महिपतबद्दल कुणी चांगलं बोललं, की आजही माझ्या पोटात दुखतं. माणूस तसा गरीब. वैशाखरे गावचा, हाडकुळा, लोकांची गुरं राखून जगलेला. जन्मात कुणाशी भांडला नाही. पण बेचाळीसच्या पौषात त्यानं माझी जागा घेतली, ती मी विसरलेलो नाही.

आमच्याकडे भाताच्या झोडणीला खळ्यावर गोष्ट लागायची. सांगणाऱ्यानं उडवीला, म्हणजे रचलेल्या भाताच्या ढिगाला, टेकून बसायचं, बाकीच्यांनी ऐकत ऐकत पेंढ्या झोडायच्या. बारा वर्षं ती बसायची जागा या नथूची होती. राजे, राण्या, राक्षस, सगळे मला तोंडपाठ. महिपतच्या तोंडून तर धड शब्द फुटत नसे.

त्या वर्षी तो म्हसा गावच्या जत्रेहून तंबूतल्या सिनेमाची गोष्ट घेऊन आला. "सिद्धगडासारखं रान," त्यानं सुरुवात केली, "त्यात एकला बंगला. न् बंगल्यात एकाचा खून." झालं! मेलेल्याची म्हातारी बहीण त्याच बंगल्यात भाकऱ्या भाजायला राहते, सूड घ्यायला टपलेली. एकेक पाहुणा मरतो. मारते ती म्हातारी की दुसरंच कुणी, हे काही महिपत सांगेना. रोज संध्याकाळी लेकाचा नेमका तिथंच थांबायचा.

"नथूदादा, आता तुमी पेंढ्या घ्या," जनाबाईनं मला सांगितलं. ती खळ्याची मालकीण. बारा वर्षांनी माझ्या हाताला फोड आले. त्याहून झोंबायचं ते बायकांचं "मंग? मंग?" माझ्या गोष्टीला हुंकार मिळायचे, पण इतक्या घाईनं कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

मनात म्हटलं, थांब लेका, तुझा खुनी मीच सांगून टाकतो. जत्रा उठायच्या आत दिवसभर चालून म्हसा गाठलं आणि सिनेमा पाहिला. बंगला होता, खून होते, सूडही होता. म्हातारी मात्र नव्हतीच. मारणारा डॉक्टर निघाला. तंबूवाल्याला महिपतचं विचारलं, तर तो हसला. "तो? तो तंबूमागं आमचे बैल सांभाळायचा. आत कधी आलाच नाय."

म्हणजे गड्यानं कापडाबाहेरून नुसत्या किंकाळ्या ऐकल्या होत्या! परतताना मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पण मनात एक सल होताच. न बघता रचलेली याची गोष्ट खऱ्या सिनेमाहून चांगली होती, आणि माझा जीव जळत होता तो त्यानंच.

खळ्यावर पोचल्या पोचल्या मी ओरडलो, "थापा मारतो हा! तंबूत पाऊल ठेवलं नाय यानं. खुनी डॉक्टर हाय, डॉक्टर!"

जनाबाईनं पेंढी खाली ठेवली. "कोन डॉक्टर? आपल्या बंगल्यात डॉक्टर नाय."

महिपतनं मान खाली घातली. "दादा खरं बोलतात. मी आत गेलो नाय," म्हणाला आणि उठून त्यानं मला जागा करून दिली.

मी बसलो. खरा सिनेमा सांगितला. दहा पेंढ्या झोडून व्हायच्या आत तो संपला. एकानंही "मंग?" म्हटलं नाही.

शेवटी जनाबाईच बोलली, "महिपत, म्हातारीनं इळा उचलला. फुडं?"

महिपत माझ्याकडं बघू लागला. "दादा, सांगू काय?"

मेल्यानं वर माझीच परवानगी मागितली! मी उठलो, पेंढी उचलली आणि म्हणालो, "सांग रे. तिनं मारला का नाय, ते मलाबी कळू दे."