दार कोण वाजवणार?

मोजणीबाईला सगळा वॉर्ड ओळखायचा आणि अर्धा वॉर्ड तिला टाळायचा. सख्ख्या नातेवाइकांनाही विचारायचा संकोच वाटेल असे प्रश्न ती दारात उभ्याउभ्या विचारायची. आजींना जिना उतरता येतो का? घरात कमी कुणाला ऐकू येतं? झोपेची गोळी कोण घेतं? आणि शेवटी, हातातलं कागदांचं पॅड छातीशी धरून, तिचा ठरलेला प्रश्न: "पाणी आलं तर तुमचं दार कोण वाजवणार?"

कामच तसं होतं. नदीला पूर आला तर कोण आपल्या पायांनी निघेल आणि कुणाला उचलून न्यावं लागेल, हे आधीच मोजून ठेवायचं. वय, आजार, एकटेपणा, तळमजला, फोन, शेजार, सगळ्याला गुण. ज्या घराला गुण जास्त, ते घर जास्त धोक्यात. त्याच्या दारावर लाल पट्टा, त्याखालोखाल पिवळा, आणि ज्यांचं बरं चाललंय त्यांना हिरवा. होडी आधी लाल दाराशी जायची. एका दमेकरी आजोबांना लाल पट्टा मिळाला तेव्हा ते खोकत म्हणाले होते, "जन्मभर नापास झालो, पोरी. आज पहिला नंबर आला."

तिची एक खोड होती. दार कोण वाजवणार, असं विचारलं की माणसं कुणाचं तरी नाव सांगतातच. कुणी नाही म्हणायला लाज वाटते. मग ही बया त्या नावाच्या माणसाकडे जाऊन उलटं विचारायची, "पाणी आलं तर तुम्ही कुणाचं दार वाजवाल?" दोन्ही नावं जुळली तरच शेजाराचा गुण कापायचा. या उलट्या फेरीत तिचा दुप्पट वेळ जायचा. बरोबरच्या बायका म्हणायच्या, अगं, कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस? ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या दाराकडे वळायची.

या कामात ती हौसेनं आलेली नव्हती, रागानं आली होती.

बारा वर्षांपूर्वी तिची आई नदीपल्याडच्या एका गल्लीत, अगदी टोकाच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहायची. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. डावा पाय अधू, पण जीभ शाबूत. त्या वर्षी मोजणीला एक साहेब आले. ऊन होतं, म्हणून साहेब गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानात खुर्ची टाकून बसले. कोपऱ्यावरच्या दुमजली घराच्या मालकाला बोलावलं, त्याला सगळे प्रश्न विचारले, आणि त्याची उत्तरं गल्लीतल्या प्रत्येक घराला लावून टाकली. त्या मालकाला तीन धडधाकट मुलगे होते. त्यामुळे कागदोपत्री तिच्या आईलाही तीन धडधाकट मुलगे झाले. दुकानदारानं हळूच म्हटलं, आत जाऊन बघायला नको का? साहेब सरबताचा ग्लास खाली ठेवत म्हणाले, "शितावरून भाताची परीक्षा!"

गल्ली हिरवी झाली. त्याच वर्षी पूर आला, पूल बंद झाला, आणि पुलाच्या या बाजूला सासरी असलेली मुलगी दोन दिवस काठावर नुसती उभी राहिली. होड्या लाल गल्ल्यांकडे गेल्या, मग पिवळ्या. हिरव्या गल्लीत होडी शिरली तेव्हा आई इस्त्रीच्या टेबलावर चढून बसलेली सापडली. पाणी टेबलाच्याही वर गेलं होतं.

चौकशी झाली. साहेब म्हणाले, नियमाप्रमाणे नमुना घेतला होता. त्यांची बदली झाली, तीही बढतीवर. शिताची ती गोष्ट दुकानदारानं तिला नंतर सांगितली, रडतरडत. ती रडली नाही. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "त्या माणसाला मी सोडणार नाही." मोजणीसाठी बायका भरताहेत असं कळलं तेव्हा पहिला अर्ज तिचा होता. साहेब कधीतरी, कुठल्यातरी कार्यालयात समोर येईल, एवढाच तिचा हिशेब. नवरा गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायचा, थट्टेखोर माणूस. तो म्हणायचा, "लोक सूड घ्यायला जातात आणि तुरुंगात पोचतात. आमच्या हिला नोकरी लागली."

आणि यंदा साहेब समोर आला. कार्यालयात नव्हे, तिच्याच वॉर्डात. निवृत्त होऊन त्यानं बंधाऱ्याखाली टुमदार घर बांधलं होतं. का, तर खिडकीतून नदी दिसते. ज्यानं जन्मभर पूररेषा आखल्या त्यानं घर पूररेषेत बांधावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

साहेबानं तिला ओळखलं नाही. ओळखण्यासारखं त्यानं काही पाहिलंच नव्हतं. बायको वारलेली, गुडघे गेलेले. खुर्चीतून उठताना टेबलाला धरत होता, पण उत्तरं कशी, तर पंचविशीतल्या पैलवानाची.

"चालायला त्रास?"

"मला काय धाड भरलीय?"

"मुलं?"

"दोघंही परदेशात. मोठ्या हुद्द्यावर."

"पाणी आलं तर दार कोण वाजवणार?"

"अहो बाई, या गल्लीत मी नुसती हाक मारायचा अवकाश. शेजारचे कंपाउंडर आहेत, समोरचा शिंपी आहे. धावत येतील. आणि हे बघा, माझ्या दारावर तो लाल-पिवळा रंग नको. चार लोकांत शोभत नाही."

बारा वर्षं जे मागितलं ते ताटात वाढून समोर आलं होतं. तिला एक अक्षरही खोटं लिहायचं नव्हतं. तो सांगत होता तेच लिहायचं, हिरवा पट्टा ओढायचा आणि घरी जायचं. पाणी आलं की होडी याच्या दारावरून पुढे जाणार. तिला आनंद झाला. अगदी उघड, निर्लज्ज आनंद झाला.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं गॅरेजचे काळे हात पुसले. मग म्हणाला, "लिही की. त्याच्या तोंडचंच तर आहे. तुझ्यावर कोण बोट ठेवणार?"

"कुणीच नाही."

"मग जेवत का नाहीयेस?"

दुसऱ्या दिवशी ती उलट्या फेरीला गेली. साहेबाची दया आली म्हणून नव्हे. फेरी केल्याशिवाय तिनं आजवर एकही घर बंद केलं नव्हतं, आणि या माणसापायी आपली पद्धत मोडायची म्हणजे आणखी एकदा त्याचंच खरं करायचं.

कंपाउंडर हसलाच. "त्यांचं दार? गाडी धुताना पाणी त्यांच्या फाटकाशी गेलं म्हणून माझ्यावर तक्रार केली होती त्यांनी. मी आधी आईला काढीन, मग बायकोला, मग कुत्र्याला. त्यानंतर वेळ उरला तर बघू."

शिंप्यानं मशीन थांबवलंसुद्धा नाही. "साहेबांना माझं नाव माहीत आहे का, विचारा."

ती रस्त्यात थांबली. हिरवा पट्टा ओढला तर हा बुडेल, हे खरं. पण का बुडालो, हे त्याला कळणार नाही. हाक मारली की गल्ली धावेल, याच भ्रमात मरेल. एवढं सुखाचं मरण त्याला द्यायला तिची तयारी नव्हती.

ती परत साहेबाच्या घरी गेली, समोर बसली आणि म्हणाली, "कंपाउंडर म्हणतात, आई, बायको, कुत्रं, मग तुम्ही. शिंपी म्हणतात, त्यांचं नाव सांगा."

साहेबानं तोंड उघडलं. नाव आलं नाही.

"तुम्हाला या गल्लीत सगळ्यांत जास्त गुण आहेत, साहेब. लाल."

"खोडा ते! तुमच्या वरिष्ठांना ओळखतो मी."

"जरूर सांगा. त्यांना गुण मीच दाखवीन."

रिवाजाप्रमाणे रविवारी गल्लीची बैठक झाली. शाळेच्या ओसरीवर प्रत्येक लाल घर मोठ्यानं वाचायचं आणि ते घर कोण घेणार, असं विचारायचं. कुणीतरी हात वर करतं, त्याचं नाव लागतं. दमेकरी आजोबांसाठी तर तिघांचे हात वर आले. मग तिनं साहेबाचं घर वाचलं. साहेब मागच्या खुर्चीत कडक इस्त्रीच्या शर्टात बसला होता. कंपाउंडर नखं बघत होता, शिंपी छत. तिनं पुन्हा विचारलं. घाई केली नाही. ती शांतता तिनं पुरेपूर चाखली.

लाल घर रिकामं सोडता येत नाही, असा नियम. तिनं तिथं स्वतःचं नाव घातलं. बैठक संपल्यावर त्याच्याजवळ जाऊन तिनं आईची गल्ली सांगितली, दुकान सांगितलं, खुर्ची सांगितली. तो कपाळाला आठ्या घालून आठवत राहिला. "अशा खूप गल्ल्या केल्या हो मी," तो शेवटी म्हणाला. त्याला आठवतच नव्हतं. आईचं मरण तिनं सोसलं होतं, पण हे मात्र तिच्या वर्मी लागलं.

"आता एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "तुमचं दार मी वाजवणार आहे. दुसरं कुणी नाही."

वरच्या धरणातून पाणी सोडलं ते भर दुपारी. भोंगा झाला. साहेबाचं धरून तिच्या नावावर चार लाल घरं होती, आणि त्यांचा क्रम ती ठरवणार होती. साहेबाला तिनं शेवटी ठेवलं. बाकीचे तिघे शाळेच्या वरच्या मजल्यावर पोचल्यावर ती दोर खांद्यावर टाकून बंधाऱ्याकडे गेली आणि कंपाउंडरच्या कुंपणाआड थांबली.

साहेब पायरीवर बसला होता. पायात बूट, मांडीवर पिशवी, डोळे रस्त्यावर. पाणी पहिल्या पायरीवर चढलं. "कंपाउंडर!" त्यानं हाक मारली. कंपाउंडर केव्हाच आई, बायको आणि कुत्र्यासकट गेला होता. पाणी दुसऱ्या पायरीवर आलं. "अहो, समोरचे!" कुणी नाही. मग आवाज फुटला, "बाई! अहो बाई!"

ती हलली नाही. टेबलावर चढण्याआधी आईनंही अशाच हाका मारल्या असतील, त्या किती वेळ मारल्या असतील, हे तिला याच्या तोंडून ऐकायचं होतं. पाणी त्याच्या बुटांवरून गेलं. तो पिशवी सोडून रडायला लागला, तेव्हा ती कुंपणाआडून निघाली.

त्यानं दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं. "उशीर झाला तुम्हाला," तो कापत म्हणाला.

"झाला नाही, केला. मी तिथंच उभी होते, तुमच्या हाका ऐकत."

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. या वेळी नीट बघितलं. पण मनगट सोडलं नाही. सोडून जाणार कुठे होता? तिनं त्याच्या कमरेला दोर बांधला, गाठ ओढून दोनदा तपासली आणि म्हणाली, "उठा. डावा पाय आधी टाका."