एसी इमारतीतला वास

मंडळी, आज घाटघरच्या एका मावशींनी माझी इंजिनिअरिंगची डिग्री चपलांच्या रांगेत नेऊन ठेवली.

जुन्नरमधल्या एका नव्या एसी व्यापारी इमारतीची देखभाल माझ्याकडं आहे. डिझाइनही माझंच. आठवडाभर वरच्या मजल्यावरचे टेलर सलीमचाचा ओरडतायत, "भाऊ, आत लई वास येतोय, डोकं दुखतंय!" मी एसी धुतले, ड्रेनेज तपासलं, कुठं उंदीर मेलाय का तेही पाहिलं. हवा मोजायचं यंत्र घेऊन डॉक्टरसारखा फिरलो. काही सापडेना.

आज सकाळी या मावशी खालच्या दातांच्या दवाखान्यात आल्या. चकचकीत फरशी बघून त्यांनी पावसानं भिजलेल्या चपला बाहेरच काढल्या आणि भिंतीच्या तळाशी असलेल्या जाळीला टेकवून उभ्या केल्या. तिथं आधीच चपलांचा ढीग!

त्या जाळीतून आतला मोठा पंखा ताजी हवा ओढून साऱ्या इमारतीत सोडतो.

"मावशी, इथंच का ठेवल्या?"

"आवो भाऊ, ही जाळी वारं वढती. वल्ल्या चपला लगीच वाळत्यात. समद्यांना ठावं हाय की!"

समद्यांना! फक्त मला सोडून.

मी लगेच सगळ्या चपला समोरच्या भिंतीकडं हलवल्या आणि जाळीवर 'इथं चपला ठेवू नका' अशी पाटी लावली. दुपारपर्यंत वास गायब. स्वतःवर लई खूश झालो राव.

संध्याकाळी सलीमचाचा खाली आले. मला वाटलं, आभार मानणार.

हातात ओल्या चपला. "भाऊ, जाळीपाशी चपला ठेवणं का बंद केलं? आता ह्या वाळवायच्या कुठं?"